पाणी न लागलेला ब्रश

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. केस विंचरायचा नव्हे, आणि दात घासायचा तर मुळीच नव्हे. मी शिंप्याचा ब्रश. शिवून झालेल्या कोटावरचे धागे, खडूची भुकटी आणि धूळ झाडायची, एवढेच माझे काम. साधे काम आहे, त्यात कुणाचे वाईट होईल असे तुम्हाला वाटणार नाही. मलाही वाटले नव्हते. पण माझ्यामुळे एका मांजराच्या पिलाचे तीन महिने हाल झाले, आणि ते मला कुणालाही सांगता आले नाही. म्हणून आज तुम्हाला सांगतो.

माझी पाठ एका झाडाची आहे आणि केस एका घोड्याच्या शेपटीचे. ते झाड कुठे उभे होते आणि तो घोडा कुठे धावत होता, हे मला ठाऊक नाही. मला पहिले आठवतात ते एका बाईचे हात. माझ्या पाठीला एकशे चाळीस छिद्रे पाडलेली होती. त्या बाईने प्रत्येक छिद्रातून केसांचा झुबका तारेने ओढला आणि घट्ट बसवला. तार बोटे कापते, म्हणून तिने बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. एकशे चाळीस झुबके बसवून झाल्यावर तिने मला गालावरून फिरवून पाहिले आणि पुढच्या ढिगात टाकले.

तिथून मी एका मोठ्या शिंप्याच्या दुकानात आलो. त्यांना सगळे थोरले मास्तर म्हणत. त्यांच्या हाताखाली शिकणारा एक तरुण पहिला कोट एकट्याने शिवून मोकळा झाला, त्या दिवशी त्यांनी मला त्याच्या हातात दिले आणि म्हणाले, "कात्री धार लावून परत मिळते, ब्रश मिळत नाही. याला कधी पाणी दाखवायचं नाही. पाणी लागलं की केस मऊ पडतात, लाकूड फुगतं. मग तो धूळ झाडत नाही, कापडात घुसवतो."

त्या तरुणाने ते वाक्य असे जपले की काय सांगू! पुढे त्याने स्वतःचे दुकान थाटले. लोक त्यालाच मास्तर म्हणू लागले. चाळीस वर्षांत मास्तरांनी मला पाण्याचा एक थेंब लागू दिला नाही. रोज संध्याकाळी ते मला टेबलाच्या कडेवर तीनदा आपटत आणि खिळ्याला टांगत. गिऱ्हाईक नवा कोट घालून आरशासमोर उभे राहिले की खांद्यांवरून दोन हात, पाठीवरून तीन आणि बाह्यांवरून एकेक, असा माझा ठरलेला क्रम होता. गिऱ्हाईक म्हणे, "मास्तर, कोट खरा उठतो तो या शेवटच्या हाताने." ते ऐकून माझा ऊर भरून येई. ब्रशला ऊर नसतो म्हणा, पण तुम्हाला समजले.

मग दिवस फिरले. तयार कपड्यांची दुकाने निघाली. कोट शिवून घेणारे कमी झाले. मास्तरांची लेक शिलाईचे काम करी; तिने चिकट कागदाचा एक रोलर आणला. तो फिरवला की धागे चिकटून येत आणि वरचा कागद फाडून टाकता येई. तो सोपा होता. मी खिळ्यावर राहिलो. आठवडे जात, कुणी मला उतरवत नसे. फक्त मास्तर दुकान बंद करताना सवयीने माझ्याकडे पाहत. मित्रांनो, बिनकामाचे लटकत राहणे फार वाईट असते. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे जे घडले त्यात माझ्या या एकटेपणाचाही हात आहे.

या लेकीची मुलगी, मास्तरांची नात, नऊ वर्षांची. नाक गोल आणि डोळे गोल, म्हणून आजोबांनी तिचे नाव गुंडी ठेवले होते. एके दिवशी दुकानाच्या मागच्या दारापाशी चिंध्यांच्या खोक्यातून तिला बारीक आवाज आला. चिंध्या उपसल्या तर तळाशी मुठीएवढे मांजराचे पिल्लू. अंग पांढरे आणि एका डोळ्यावर तपकिरी डाग. आई कुठे गेली होती कोण जाणे. गुंडी ते ओढणीत गुंडाळून आत घेऊन आली.

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिले. "हे काय ठिगळ उचलून आणलंस?"

"आजोबा, किती छान नाव!" गुंडी म्हणाली. तेव्हापासून ते ठिगळ झाले.

"मी नाव नाही ठेवलं, नावं ठेवली," मास्तर कुरकुरले. "माझ्या कापडाजवळ दिसता कामा नये ते."

पंधरा दिवस बरे गेले. मग ठिगळच्या कानामागे एक गोल दिसू लागला. सदऱ्याच्या बटणाएवढा. तिथले केस गेले होते आणि कातडीवर राखेसारखा कोंडा होता. गुंडीला वाटले खरचटले असेल. चार दिवसांत दुसरा गोल पंजावर उठला, तिसरा शेपटीच्या मुळाशी. मग ती आईला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेली. परत आल्यावर तिने सगळे सांगितले ते मी खिळ्यावरून ऐकले.

डॉक्टरबाईंनी खोलीत अंधार करून एक निळा दिवा लावला होता. त्या दिव्याखाली ठिगळच्या डागांवरचे केस कोवळ्या पानासारखे हिरवे चमकले. "हे गजकर्ण आहे," डॉक्टर म्हणाल्या. मित्रांनो, गजकर्ण म्हणजे किडा नव्हे. ती बुरशी असते, शिळ्या पावावर धरते तिचीच लांबची नातलग. ती केसांत घुसते, केस तुटतात, आणि तुटलेल्या केसांबरोबर तिचे बीज इकडेतिकडे पडते. मांजराचे गजकर्ण माणसालाही होते. बरे मात्र नक्की होते, फक्त औषध पुरते द्यावे लागते आणि घर स्वच्छ ठेवावे लागते. डॉक्टरांनी एक कागद लिहून दिला. पिलाला एका छोट्या खोलीत वेगळे ठेवा. उगाच हात लावू नका. आठवड्यातून दोनदा औषधाच्या पाण्याने अंग भिजवा आणि तसेच सुकू द्या. तोंडाने पातळ औषध एक आठवडा द्या, एक आठवडा थांबा. आणि सगळ्यांत खाली ठळक अक्षरांत: पिलाच्या अंगाला लागणारी प्रत्येक वस्तू धुवा, उकळा, नाहीतर टाका.

"छोटी खोली म्हणजे ट्रायल रूम," लेक म्हणाली.

"ट्रायल रूम?" मास्तर ओरडले. "आणि गिऱ्हाइकांनी कपडे काय रस्त्यावर घालून बघायचे?"

"मग तुमच्या खोलीत ठेवू का, बाबा?"

मास्तरांनी चष्मा नाकावर सरकवला. "ट्रायल रूमच बरी," ते म्हणाले.

ट्रायल रूम म्हणजे तीन फूट बाय चार फूट. एका भिंतीला उंच आरसा. पडदा काढून तिथे दार बसवले. आत शी-शूसाठी माती भरलेली परात, पाण्याची वाटी आणि धुता येईल असा एक कपडा. पहिल्या दिवशी ठिगळ आरशातल्या पिलाशी तासभर लढले.

लेकीने त्या दिवशी कागद हातात घेऊन सगळे दुकान पालथे घातले. चिंध्यांचे खोके टाकले. गादीचा अभ्रा उकळला. गुंडीची ओढणी उकळली. फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसली. फिरत फिरत ती माझ्यापाशी आली. "आणि हा ब्रश?"

मास्तरांनी मान वर न करता उत्तर दिले, "तो कोटाचा आहे. त्याचा मांजराशी काय संबंध? आणि त्याला पाणी लावायचं नाही, ठाऊक आहे ना?"

लेकीला लहानपणापासून ठाऊक होते. ती पुढे गेली. मित्रांनो, त्या घटकेला मास्तर खरे बोलले होते. माझा एकही केस तोवर ठिगळला लागलेला नव्हता.

औषधाचे दिवस कठीण असत. ते पिवळसर पाणी नासक्या अंड्यासारखे घाण मारी. दुकानभर वास सुटे. ठिगळ बादलीच्या कडेला नख्या रोवून ओरडे, आणि भिजून झाल्यावर उंदराएवढे दिसे. पुसायचे नाही, धुवायचे नाही, थरथरत सुकू द्यायचे. चाटून ते औषध पोटात जाऊ नये म्हणून गळ्याभोवती गोल पट्टा हवा होता. तो मास्तरांनीच कापला, कॉलरमध्ये घालतात त्या कडक बकरमचा, कडेला मऊ गोट लावून, मानेचे माप नजरेने घेऊन. "तुकडा वायाच जाणार होता," ते म्हणाले. मी त्यांना ओळखतो. तो तुकडा ताग्यातून नवा कापला होता.

समोरचा इस्त्रीवाला रोज विचारी, "काय मास्तर, ट्रायल रूममध्ये कुणाचं माप चाललंय? गिऱ्हाइकाचा आवाज फारच बारीक येतोय!"

"तुझ्यापेक्षा बरं गिऱ्हाईक आहे," मास्तर म्हणत. "निदान रिकाम्या गप्पा मारायला येत नाही."

दुपारी गुंडी शाळेत असे. लेक शिवलेले कपडे पोचवायला जाई. दुकानात मास्तर, मी आणि दाराआड ठिगळ. पहिल्या आठवड्यात ते ओरडे. मग ओरडणे थांबले आणि ते दारावर एकाच पंज्याने हळूहळू खरवडत राही. खर्र, खर्र, खर्र. मास्तर मशीन जोरात चालवत. मशीन थांबले की पुन्हा खर्र, खर्र. चौथ्या दुपारी मास्तर उठले. दारापर्यंत गेले आणि परत आले. "हात लावायचा नाही म्हणालीय डॉक्टर," ते स्वतःशीच बोलले. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली.

"हात कुठे लावतोय मी?" ते म्हणाले, आणि त्यांनी मला खिळ्यावरून उतरवले.

किती महिन्यांनी त्यांचा तळवा माझ्या पाठीला लागला होता! दार उघडले. ठिगळ आरशाकडे तोंड करून बसले होते. मास्तर खाली वाकले आणि त्यांनी मला त्या हाडकुळ्या पाठीवरून हलकेच फिरवले. पहिल्या हाताला ते दचकले. दुसऱ्या हाताला त्याने पाठ उंचावली. तिसऱ्या हाताला त्याच्या पोटातून घर्र घर्र असा आवाज सुरू झाला. मास्तरांचा चेहरा मी चाळीस वर्षांत इतका मऊ पाहिलेला नव्हता. खांद्यांवरून दोन, पाठीवरून तीन, जसा कोट झाडावा तसा. मग त्यांनी दार लावले, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा धुतले, आणि मला टेबलावर तीनदा आपटून खिळ्याला टांगले. कोरडा.

मला आनंद झाला होता. खरे सांगतो, फार आनंद झाला होता. आज तेच आठवून मला सर्वांत जास्त खुपते.

हे रोजचे झाले. मास्तरांनी कुणाला सांगितले नाही. ज्या पिलाला दिवसभर शिव्या द्यायच्या त्याचे दुपारी लाड करायचे, हे कोणत्या तोंडाने सांगणार? महिनाभरात ठिगळच्या कानामागे मऊ लव आली. पंजाही भरला. मग डॉक्टरांनी एक कोरा दातांचा ब्रश घेऊन त्याच्या सगळ्या अंगावरून घासला आणि तो तपासायला पाठवला. त्यावर बुरशी उगवते का, हे कळायला दोन-तीन आठवडे लागतात. असे दोन रिपोर्ट लागोपाठ चांगले आले की पिल्लू सुटले.

पहिला रिपोर्ट वाईट आला.

"औषध आणखी द्यायचं," गुंडी म्हणाली आणि तिने भिंतीवर एक रेघ ओढली. तिला हिंमत होती. डॉक्टरांनी दिलेले पुस्तक ती दुकानात मोठ्याने वाचे, कारण तिला वाटे की आजोबांनाही ते ऐकू जावे. एका संध्याकाळी तिने वाचले, "तुटलेल्या केसावर बसलेले बीज दीड वर्षसुद्धा जिवंत राहू शकते. ते डोळ्यांना दिसत नाही. ते गालिच्यात, गादीत, कंगव्यात आणि ब्रशात लपते."

मित्रांनो, त्या क्षणी मला कळले.

माझ्या झुबक्यांच्या मुळाशी ठिगळचे बारीक तुटके केस अडकलेले होते. टेबलावर आपटून ते पडत नव्हते. म्हणजे औषध एकीकडून बुरशी मारत होते, आणि रोज दुपारी मी ती पुन्हा पेरत होतो. मी मास्तरांकडे पाहिले. ते सुईत दोरा ओवत होते. त्यांनीही ते वाक्य ऐकले होते. पण त्यांच्या लेखी ब्रश म्हणजे मांजराचा ब्रश. मी तर कोटाचा. माणूस रोज जे हाताळतो ते त्याला दिसेनासे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला उतरवले तेव्हा मला ओरडायचे होते, "नको! मला नको नेऊ!" पण मला तोंड नाही. ठिगळ धावत आले. आता ते मला ओळखत होते. त्याने आपला, मागे नुकते केस आलेला कान माझ्यावर घासला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मी केस आखडून घेऊ शकलो असतो तर घेतले असते. मी मोडून पडलो असतो तर पडलो असतो. त्या बाईने एकशे चाळीस झुबके इतके घट्ट का बसवले, असे मला पहिल्यांदाच वाटले. आणि ते पिल्लू डोळे मिटून घुरघुरत होते. सगळ्या दिवसातली त्याची एवढीच पाच मिनिटे सुखाची होती, आणि त्यांतच त्याचे दुखणे होते.

दुसरा रिपोर्टही वाईट आला. शेपटीवर नवा डाग उठला. त्याच आठवड्यात गुंडीच्या दंडावर लाल कडे दिसले, आणि लेकीच्या मानेवर एक. शाळेतल्या बाईंनी गुंडीला औषध लावून दंड झाकून यायला सांगितले. मुली तिच्याशेजारी बसेनात. गिऱ्हाइके दारातूनच विचारू लागली, "मास्तर, इथे काही रोग आहे म्हणे?" जे थोडे कोट त्या दिवसांत शिवले त्यांवरून लेकीने चिकट रोलर फिरवला, ही एवढीच देवाची कृपा. मी कुणाच्या कोटाला लागलो नाही.

"ही डॉक्टर काही कामाची नाही," मास्तर करवादले. "दोन महिने त्या जिवाला घाण पाण्यात बुडवतेय."

"बाबा, डॉक्टर सांगते ते सगळं आपण करतोय," लेक म्हणाली. ती थकली होती. रोज फरशी पुसून तिच्या हातांची सालपटे निघाली होती. "सगळं करूनही जात नाही. आता तिसरा रिपोर्ट येऊ दे. तोही वाईट आला, तर ठिगळ पलीकडच्या धान्याच्या गोदामात जाईल. तिथे मांजरं आहेतच."

"आई, तिथे मोठे बोके आहेत!" गुंडी म्हणाली. "ते त्याला मारतील. आणि त्यांनाही हे होईल."

"मला ठाऊक आहे."

"मग?"

"मग काय करू, सांग तू! दुकान बंद करू? उद्या सगळ्या गल्लीला होऊ देऊ?"

गुंडी ट्रायल रूमच्या दाराकडे पाहत राहिली. उत्तर माझ्याजवळ होते. मी भिंतीवर तिच्या डोक्यापासून एक हात वर लटकत होतो.

त्या तीन आठवड्यांइतके लांब दिवस मी पाहिले नाहीत. मास्तर आता ठिगळपाशी जास्त वेळ बसू लागले. त्यांना वाटे, गेलेच तर निदान थोडी माया घेऊन जाईल. पाच मिनिटांची दहा झाली. दहाची पंधरा. ठिगळ आता आरशातल्या पिलाशी खेळत नसे. आरशाकडे पाठ करून बसे. दार उघडेपर्यंत मान वर करत नसे.

तिसरा रिपोर्ट शनिवारी सकाळी आला. लेकीने कागद वाचला, घडी केला आणि ठिगळला न्यायला झाकणाची टोपली माळ्यावरून खाली काढली.

गुंडी ट्रायल रूमच्या दाराला पाठ टेकवून जमिनीवर बसली. रडली नाही. "मलाही गोदामात टाक," ती म्हणाली. "मलाही गजकर्ण आहे."

टोपली हातात तशीच धरून लेक स्टुलावर बसली. मास्तर टेबलावरचा खडू उचलत आणि परत ठेवत होते. मग लेकीने फोन उचलला. "डॉक्टर, तिसरासुद्धा वाईट आलाय. आता मला काही सुचत नाही. तुम्ही एकदा इथे येऊन बघाल का? त्यानंतर मी त्याला नेऊन सोडणार."

डॉक्टर अर्ध्या तासात आल्या. बरोबर तो निळा दिवा होता. शटर खाली ओढले. खिडकीवर मास्तरांनी काळ्या अस्तराचे कापड टाचले. भर सकाळी दुकानात अंधार झाला. आधी त्यांनी ठिगळला पाहिले. "हे बघा, जुने डाग बरे झालेत. म्हणजे औषध लागू पडतंय. हे हिरवे केस नव्या जागी आहेत. बी बाहेरून येतंय. पिलात नाही, घरात कुठेतरी आहे."

"बाहेरून कुठून?" लेक म्हणाली. "मी काही ठेवलेलंच नाही हो!"

दिवा फरशीवरून फिरला. जिकडेतिकडे ठिपके चमकले आणि गुंडी किंचाळली. "ते धागे आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "शिंप्याच्या दुकानात निळं-पांढरं चमकणारच. निळं सोड, हिरवं शोध. हं, धर तूच दिवा."

गुंडीने दिवा धरला. परात, काही नाही. मशीन, निळे. टेबल, निळे. कपाटाखाली, निळे. ती नीट शोधत होती, एक इंच न सोडता. मी अंधारात वाट पाहत होतो. वर धर, पोरी. एक हात वर धर. मला सापडण्याची भीती वाटत नव्हती. ती थांबेल, एवढीच भीती होती.

"झालं बहुतेक," डॉक्टर म्हणाल्या.

गुंडीचा हात दुखू लागला होता. दिवा दुसऱ्या हातात घेताना तिने तो खांद्यावरून नेला, आणि त्याचा झोत भिंतीवर पडला.

मी हिरवागार चमकलो.

एकशे चाळीस झुबक्यांतून ते बारीक केस उजळून निघाले होते. "हा कुणाचा ब्रश?" डॉक्टरांनी विचारले.

"बाबांचा," लेक म्हणाली. "पण तो कोटाचा आहे. त्याचा काय..." आणि ती थांबली.

मास्तरांनी चष्मा काढला. "मी हात नव्हता लावला," ते म्हणाले. "हात लावू नका म्हणाला होतात ना तुम्ही. म्हणून ब्रशने. दुपारी फक्त. ते फार खरवडायचं हो दार."

"बाबा, रोज?"

"रोज कुठे? रविवारी दुकान बंद असतं."

लेकीने कपाळाला हात लावला. मला वाटले ती ओरडेल. पण तिचे खांदे हलू लागले, आणि ती हसते आहे की रडते आहे हे त्या अंधारात कळेना. गुंडी मात्र चिडली होती. "मी त्याला तीन महिने एकदासुद्धा उचललं नाही! तुम्हीच मला ओरडायचात! आणि तुम्ही..." मास्तरांनी नातीपुढे हात जोडले. मित्रांनो, म्हाताऱ्या माणसाने लहान मुलीपुढे जोडलेले हात मी पाहिले. ते पाहण्यापेक्षा पाणी न लावायचा नियम मोडून मला कुणी पहिल्याच दिवशी उकळत्या पाण्यात टाकले असते तर फार बरे झाले असते.

शटर वर गेले. मास्तरांनी मला खिळ्यावरून काढले. "उकळून काढू का याला?" त्यांनी विचारले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"आता खात्री नाही देता येणार, मास्तर," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "छिद्रांत खोल बसलंय. हा जायलाच हवा."

"थोरल्या मास्तरांनी दिला होता," ते म्हणाले. अंगठ्याने माझ्या पाठीवरचा गुळगुळीत झालेला खळगा त्यांनी एकदा चाचपला. तो खळगा त्यांच्याच अंगठ्याने पडलेला आहे. मी मनात म्हणत होतो, सोडा, मास्तर, लवकर सोडा. मग डॉक्टरांनी पुढे केलेली पिवळी पिशवी त्यांनी उघडली आणि मला स्वतःच आत ठेवले. लेकीने टोपली पुन्हा माळ्यावर टाकली. "सगळं पहिल्यापासून करायचं," ती म्हणाली. "रिपोर्ट दोन चांगले आले पाहिजेत. तोवर गोदामाचं मी काही बोलणार नाही."

तेव्हापासून मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत आहे. असल्या पिशव्या जाळायला नेणारी गाडी महिन्यातून एकदा येते. पातळ भिंतीपलीकडे पेशंटांचा बाक आहे. आज सकाळी त्या बाकावरून मास्तरांचा ओळखीचा खोकला ऐकू आला. मग गुंडीचा आवाज, "डॉक्टर, नवा डाग एकही नाही! मी रोज बघते!" आणि त्यानंतर कोऱ्या दातांच्या ब्रशने अंग घासून घेताना ठिगळची ती कुरकुर. हा रिपोर्ट यायला तीन आठवडे लागतील. गाडी आज येणार आहे. तो चांगला आला की वाईट, हे मला कळणार नाही.

पण एक मला ऐकू आले ते सांगून थांबतो. बाकावर कुणी आजी मांजर घेऊन बसल्या होत्या. त्याचे केस जाताहेत, पण घरात सगळी काळजी घेतो आम्ही, असे त्या सांगत होत्या. मास्तर म्हणाले, "मीही असंच सांगायचो, बाई. मी त्याला चोरून ब्रश करायचो. तीन महिने. माझ्यामुळे ते पिल्लू बरं झालं नाही." हे ते हळू बोलले नाहीत. सगळ्या बाकाला ऐकू जाईल असे बोलले. "तुम्ही माया कशी करता, तेही डॉक्टरांना सांगा. लाजू नका."

मित्रांनो, मी तुम्हाला यापेक्षा वेगळे काय सांगू? तुमच्या घरी आजारी पिल्लू असेल, तर त्याच्या अंगाला लागणाऱ्या वस्तूंची यादी करा. यादी झाली की घरातल्या प्रत्येकाला विचारा, सगळ्यांत जास्त रागावणाऱ्यालाही विचारा: दुपारी कुणी नसताना तुम्ही याला कशाने कुरवाळता? ती वस्तू यादीत घाला. ती कितीही जुनी असो, कुणीही दिलेली असो. औषध बंद करायची घाई करू नका. आणि दाराआडून खरवडण्याचा आवाज आला, तर काय करता येईल ते डॉक्टरांना विचारा, पण त्या जिवाला एकटे सोडू नका. मास्तरांची चूक ब्रशची होती. दार उघडण्याची नव्हती.

बाहेर गाडी थांबल्यासारखी वाटते. कुणीतरी कडी काढली आहे.